सवलतीची शेवटची तारीख

घर विकत घेतलेल्या माणसाच्या कपाटात, विम्याच्या कागदांत किंवा दागिन्यांच्या डब्याखाली, एक कागद हमखास जपून ठेवलेला असतो. सगळे त्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतात. सरकारी भाषेत तो सूची क्रमांक दोन. मोबदला, बाजारभाव, मालमत्तेचे वर्णन, लिहून देणारा, लिहून घेणारा, दस्त नोंदवल्याचा दिनांक आणि बाजारभावाप्रमाणे भरलेले मुद्रांक शुल्क अशा ओळी त्यावर एकाखाली एक येतात. समजा, नवी मुंबईतल्या घणसोलीत एका इमारतीत एकाच मजल्यावर ८० लाखांचे दोन सारखे फ्लॅट आहेत. एकाच्या इंडेक्स टूवर डिसेंबर २०२० ची तारीख आहे, दुसऱ्याच्या एप्रिल २०२२ ची. पहिल्याने ३ टक्क्यांच्या हिशेबाने २ लाख ४० हजार रुपये शुल्क भरले, दुसऱ्याने ७ टक्क्यांनी ५ लाख ६० हजार. खोल्या तेवढ्याच, किंमत तीच, सोसायटीचा मेंटेनन्स तोच. ३ लाख २० हजारांचा फरक पडला तो निव्वळ तारखेमुळे. दुसऱ्या घरातल्या माणसाच्या मनात एक प्रश्न घर करून राहतो, आणि तो अगदी रास्त आहे: सवलत दिल्याने सरकार बुडाले नाही, लोकांनी घरे घेतली, बिल्डरांची कामे सुरू झाली, मग ती सवलत कायमचीच का केली नाही?

आधी घडले काय ते पाहू. टाळेबंदीने घरांचे व्यवहार जवळपास थांबले होते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने मुद्रांक शुल्कात तात्पुरती कपात केली. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या चार महिन्यांसाठी ३ टक्क्यांची, त्यानंतर ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांची. शहरांतले मूळचे ५ टक्के शुल्क त्यामुळे आधी २ आणि मग ३ टक्क्यांवर आले. नवी मुंबईत महापालिका हद्दीतला १ टक्का अधिभार त्यावर वेगळा होता. मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठीचा आणखी १ टक्का अधिभार एप्रिल २०२० पासून दोन वर्षांसाठी थांबवलेला होता. मार्च २०२१ जवळ आला तशी क्रेडाई, नारेडको या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांनी मुदत वाढवण्याची मागणी लावून धरली. सरकारने ती मानली नाही. ८ मार्चच्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी महिलेच्या नावावर घर घेतल्यास १ टक्का सूट जाहीर केली आणि सर्वांसाठीची सवलत ठरल्या दिवशी संपू दिली. एप्रिल २०२२ मध्ये मेट्रोचा अधिभारही परत आला. मुंबई शहरात एकूण दर ६ टक्के झाला, ठाणे, पुणे, नवी मुंबई यांसारख्या महापालिकांच्या हद्दीत ७.

सरकारचा तो नकार योग्य होता, असे माझे मत आहे. या विषयावरच्या चर्चेत कर कमी असावा की जास्त, एवढेच दोन पक्ष धरले जातात. पण तात्पुरती सवलत आणि कायमची सवलत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीची मुदत वाढवत नेली की आपोआप दुसरी तयार होते असे नाही. मुदतीची सवलत ज्या कारणाने चालते, ते कारणच ती कायम करताना नाहीसे होते. आणि कायमच्या सवलतीसाठी जो प्रश्न आधी विचारायला हवा, म्हणजे ही रक्कम यापुढे दरवर्षी कोणी भरायची, तो मुदतवाढीच्या रेट्यात कोणी विचारत नाही. कायमची सूट द्यायची तर कायमचा भरणाराही नेमावा लागतो.

मुंबई शहराचे आकडे दर महिन्याला प्रसिद्ध होतात, म्हणून ते घेऊ. ठाणे आणि रायगड अशा दोन जिल्ह्यांत पसरलेल्या नवी मुंबईचे चित्र इतके नेमके हाती लागत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईत साडेपाच हजारांच्या आसपास घरांचे दस्त नोंदले गेले, ऑक्टोबरात आठ हजारांच्या आत, नोव्हेंबरात सव्वानऊ हजारांच्या वर. आणि डिसेंबरात, ३ टक्क्यांची सूट संपण्याच्या महिन्यात, साडेएकोणीस हजारांहून जास्त. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात हा आकडा साडेसहा हजारांच्या आत होता. जानेवारीत संख्या दहा हजारांवर उतरली, फेब्रुवारीत तिथेच राहिली आणि मार्चमध्ये, दुसरी मुदत संपताना, पुन्हा साडेसतरा हजारांच्या पुढे गेली. मे महिन्यात ती साडेपाच हजारांच्या खाली आली. मे महिन्याच्या घसरणीत करोनाच्या दुसऱ्या लाटेचाही वाटा होता, तो नाकारून चालणार नाही. तरी हे दोन सुळके नेमके कुठे उभे आहेत ते पाहण्यासारखे आहे. दोन्ही सवलतीच्या शेवटच्या महिन्यात आहेत. डिसेंबरात दुय्यम निबंधक कार्यालयांत एवढी गर्दी झाली, की शुल्क मुदतीत भरा, दस्ताची नोंदणी पुढच्या चार महिन्यांत करता येईल, हे सरकारला लोकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले. जे कुटुंब पुढच्या दिवाळीत किंवा त्याच्या पुढच्या गुढीपाडव्याला घर घेणार होते, त्याने ते डिसेंबरातच घेतले. शेवटची तारीख होती म्हणून हा उठाव झाला. तारीख काढून टाकली असती, तर घाई करण्याचे कारणही उरले नसते.

यावर पहिला आक्षेप येतो तो उलाढालीचा. दर कमी केला की व्यवहार वाढतात आणि व्यवहार वाढले की तिजोरी पुन्हा भरते, म्हणून सवलत सरकारला फुकट पडते, असे म्हटले जाते. राज्यापुरते तरी तसे झाले नाही. २०१९-२० मध्ये नोंदणी व मुद्रांक विभागाकडे २९ हजार कोटींच्या जवळपास महसूल आला होता. २०२०-२१ मध्ये तो साडेपंचवीस हजार कोटींच्या आसपास राहिला. दोन्ही वर्षांत नोंदलेल्या दस्तांची संख्या मात्र अठ्ठावीस लाखांच्या आगेमागेच होती. दस्त जवळपास तेवढेच आणि पैसे तीन हजार कोटींहून जास्त कमी. दस्तांत भाडेकरारांपासून बक्षीसपत्रापर्यंत सगळेच येते आणि त्या वर्षाचे पहिले काही महिने टाळेबंदीत गेले होते, म्हणून ही तूट संपूर्णपणे सवलतीच्या खात्यावर लिहिता येणार नाही. पण सवलत फुकट पडली, हे या आकड्यांतून निघत नाही. खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. दर पूर्ववत झाला तेव्हा बाजार कोसळेल, अशी भीती घातली जात होती. २०२१-२२ मध्ये महसूल ३५ हजार कोटींवर गेला, मेट्रोचा अधिभार परत आल्यानंतरच्या वर्षात ४४ हजार कोटींच्या वर आणि २०२४-२५ मध्ये ५७ हजार कोटींवर. या वाढीत घरांच्या चढलेल्या किमती आहेत, रेडीरेकनरची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्य दरांची, वाढ आहे, टाळेबंदीत अडकून पडलेली मागणीही आहे. तरीही एवढे म्हणता येते, की सवलत काढून घेतल्याने घरबाजार मोडला नाही.

मुळात त्या सात महिन्यांतल्या खरेदीचे सगळे श्रेय मुद्रांक शुल्काला देणेही बरोबर नाही. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० पासून दोन वर्षे ४ टक्क्यांवर होता आणि गृहकर्ज पावणेसात टक्क्यांच्या आसपास मिळत होते. ६० लाखांचे वीस वर्षांचे कर्ज ६.७ टक्क्यांनी घेतले तर हप्ता साधारण साडेपंचेचाळीस हजारांचा बसतो; तेच ८.५ टक्क्यांनी घेतले तर बावन्न हजारांच्या पुढे जातो. महिन्याला साडेसहा हजारांहून जास्त फरक. म्हणजे ८० लाखांच्या घरावर ३ टक्क्यांच्या सवलतीने जे २ लाख ४० हजार वाचले, तेवढेच पैसे स्वस्त व्याजाने तीन वर्षांत वाचतात, आणि कर्ज तर वीस वर्षांचे असते. मुद्रांक शुल्क एका दिवशी, हातातल्या रोकडीतून, एकदम भरावे लागते, म्हणून ते जास्त टोचते. त्या दिवशी दागिने गहाण ठेवून किंवा भावाकडून उसने घेऊन चलन भरणारी घरे आहेत आणि त्यांची ओढाताण खरी आहे. ती मान्य करूनच सवलतीचे खरे मोजमाप करायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आकडे काहीही म्हणोत, सामान्य माणसाचे दोन-अडीच लाख वाचले ना? मग ते पुढच्या माणसाचेही वाचू द्या. सवलत चार महिन्यांची असते तेव्हा ते खरोखर वाचतात, कारण चार महिन्यांसाठी कोणी किंमतपत्रक बदलत नाही, आणि टाळेबंदीत तर विकणाराच अडलेला होता. पण हीच सवलत कायमची झाली, की तिचा लाभ हळूहळू घराच्या किमतीत मुरतो. घर घेणारा सगळा खर्च एकत्र धरतो. फ्लॅटची किंमत, मुद्रांक शुल्क, नोंदणी, पार्किंग, सोसायटीची ठेव मिळून माझ्या आवाक्यात ८५ लाख आहेत, असा त्याचा हिशेब असतो. त्यातले शुल्क अडीच लाखांनी कायमचे कमी झाले, तर ते अडीच लाख देण्याची त्याची ताकद शिल्लकच राहते आणि मोक्याच्या जागी विकणारा ती ओळखून असतो. किंमत आणि शुल्क एकाच खिशातून जातात, याचा पुरावा त्याच वर्षात मिळाला. २०२० च्या अखेरीस नारेडकोच्या महाराष्ट्र शाखेने जाहीर केले, की उरलेले मुद्रांक शुल्क ग्राहकाऐवजी तिचे सदस्य भरतील. जानेवारी २०२१ मध्ये दीपक पारेख समितीच्या शिफारशींच्या आधारे सरकारने बांधकामाच्या प्रीमियममध्ये वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सूट दिली, तीही एका अटीवर: ही सूट घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क स्वतः भरायचे. शुल्क कागदोपत्री कोणाच्याही नावावर असो, व्यवहारात ते इकडचे तिकडे सरकवता येते, हे सरकारने आणि बांधकाम व्यवसायाने असे दोन्हीकडून मान्य केले. आज जे विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकते, ते उद्या उलटही सरकते.

नवी मुंबईत ही सरकण्याची वाट जास्तच सरळ आहे. हे शहर वसवण्यासाठी सिडको मार्च १९७० मध्ये स्थापन झाली, शासनाने संपादित केलेली जमीन तिच्या हाती आली, आणि आजही बिल्डरला मोठा भूखंड हवा असेल तर तो सिडकोच्या निविदेतून घ्यावा लागतो. निविदा भरणारा उलट्या बाजूने हिशेब मांडतो. अमुक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, गिऱ्हाईक चौरस फुटाला किती देईल, त्यातून बांधकामाचा खर्च, व्याज, परवानग्या आणि नफा वजा केला की जमिनीसाठी किती बोली लावता येईल ते कळते. ग्राहकाच्या खिशात कायमची ३ टक्के जागा मोकळी झाली, तर ती पुढच्या निविदेतल्या बोलीत उतरेल. जमीन रबरासारखी ताणता येत नाही. सानपाड्यात किंवा सीवूड्समध्ये भूखंड मोजकेच आहेत. मग करसवलतीचे पैसे खरेदीदाराला मिळण्याऐवजी जमिनीच्या भावात जातील. आज ज्याचे घर आहे तो थोडा श्रीमंत होईल, ज्याला उद्या घ्यायचे आहे तो होता तिथेच राहील. आणि त्या वाढलेल्या भावावर रेडीरेकनरही मागोमाग चढेल. एप्रिल २०२५ मध्ये नवे वार्षिक बाजारमूल्य दर आले तेव्हा राज्याची सरासरी वाढ ४.३९ टक्के होती. नवी मुंबई महापालिका क्षेत्रात ती ६.७५ टक्के होती. दर खाली आणि आधारभूत किंमत वर, असा तो खेळ होईल आणि दस्त करणाऱ्याच्या हाती शेवटी काय राहील हे सांगणे अवघड आहे.

मुदतीच्या सवलती संपवणे इतके कठीण का जाते, हे समजायला नवी मुंबईकराला फार लांब जावे लागत नाही. शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू, म्हणजे अटल सेतू, १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला. प्रस्तावित ५०० रुपयांच्या निम्मा, मोटारीला एका फेरीचे २५० रुपये, असा पथकर ठरला आणि वर्षाने फेरआढावा घेऊ असे सांगितले गेले. वर्ष संपले आणि जानेवारी २०२५ मध्ये तोच दर आणखी एक वर्ष चालू ठेवण्याचा निर्णय झाला. पथकर हा काही कर नव्हे, पण सवलतीची चाल तीच आहे. आता उलवे-शिवडी येजा करणाऱ्याच्या लेखी २५० हाच मूळ दर आहे. उद्या ५०० केले तर सवलत संपली असे तो म्हणणार नाही, पथकर दुप्पट केला म्हणेल. जपानच्या जायका संस्थेकडून घेतलेल्या कर्जाच्या हप्त्याला मात्र हा सवलतीचा दर माहीत नाही. वाशी आणि ऐरोलीसह मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, पूर्ण माफ झाला. तिथे निदान मुदतीची भाषा नव्हती. मोटारवाल्याचे ४५ रुपये वाचले. टोलवसुलीचा करार हाती असलेल्या कंत्राटदाराची भरपाई सार्वजनिक पैशातून होणार, म्हणजे जो कधी मोटारीत बसला नाही त्याच्याही खिशातून.

जगात इतरत्र याहून वेगळे घडलेले नाही. ब्रिटनने जुलै २०२० मध्ये, आपल्याकडच्या सवलतीच्या दोनच महिने आधी, घरांवरच्या मुद्रांक शुल्कात तशीच तात्पुरती सूट दिली. मार्च २०२१ ची मुदत आधी जूनपर्यंत आणि मग कमी प्रमाणात सप्टेंबरपर्यंत लांबली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या नव्या सरकारने शुल्कमाफीची मर्यादा ‘कायमची’ दुप्पट केली. पैसे कुठून आणणार याचे उत्तर त्या घोषणेत नव्हते. कर्जरोख्यांचा बाजार हादरला, अर्थमंत्री बदलले आणि दोन महिन्यांत तीच कायमची सवलत मार्च २०२५ पर्यंतची ‘तात्पुरती’ झाली. अमेरिकेत २०१७ च्या कायद्याने व्यक्तींच्या प्राप्तिकरात दिलेल्या सवलती २०२५ अखेर संपणार होत्या. मुदत घालण्यामागे कारण होते: दहा वर्षांच्या पुढे तूट वाढवणारा कायदा तिथल्या सिनेटमध्ये साध्या बहुमताने मंजूर करता येत नाही. म्हणजे खर्च कमी दिसावा म्हणून मुदत घालायची आणि मुदत जवळ आली की करवाढ टाळण्याच्या नावाने ती काढून टाकायची. जुलै २०२५ मध्ये नव्या कायद्याने तेच झाले. त्यांच्या संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने त्या एका कायद्यामुळे दहा वर्षांत तूट ३.४ लाख कोटी डॉलरने वाढेल असा अंदाज दिला. बुश यांच्या काळातल्या सवलतींचाही प्रवास असाच झाला होता: २०१० ची मुदत २०१२ पर्यंत वाढली आणि २०१३ च्या सुरुवातीला त्यांतल्या बहुतेक कायम झाल्या. अमेरिका डॉलर छापते, तिला जग कर्ज देते. महाराष्ट्राला तशी सोय नाही. जीएसटी आल्यापासून राज्याच्या स्वतःच्या हातात राहिलेले कर बोटांवर मोजण्याइतके आहेत: इंधन आणि मद्य, वाहने, वीज आणि मुद्रांक शुल्क.

कराची सवलत कायम झाली की काय होते, याचा एक नमुना नवी मुंबई महापालिकेतच आहे. इथला मालमत्ता कर आणि पाणीपट्टी वीस वर्षांहून अधिक काळ वाढलेली नाही. करवाढ करणार नाही, हे नवी मुंबईचे नेते गणेश नाईक यांचे जुने राजकीय वचन, आणि पुढे ते सर्वांचेच झाले. जुलै २०१९ मध्ये महासभेने याच्याही पुढे जाऊन ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना पूर्ण करमाफी आणि ७०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना ६० टक्के सूट देण्याचा ठराव केला आणि तो शासनाच्या मंजुरीसाठी गेला. या शहराकडे स्वतःचे मोरबे धरण आहे, रस्ते बरे आहेत, स्वच्छतेत देशात नाव आहे. मग कर न वाढवता सगळे चाललेच आहे की, असे कोणीही म्हणेल. ते चालले आहे, कारण भार दुसरीकडे गेला. आधी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या आणि एपीएमसी बाजाराच्या व्यापाऱ्यांच्या उपकरावर, मग २०१३ पासून एलबीटीवर, म्हणजे स्थानिक संस्था करावर, आणि २०१७ नंतर राज्याकडून येणाऱ्या जीएसटी अनुदानावर. महापालिकेच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा आज दुसऱ्याच्या सहीने येतो. गोठलेल्या कराचा लाभही सारखा वाटला जात नाही. पाम बीच रस्त्यावरच्या मोठ्या फ्लॅटच्या मालकाला तो सर्वांत जास्त मिळतो आणि दिघ्याच्या चाळीत भाड्याने राहणाऱ्याला जवळपास काहीच नाही.

अभय योजनांची गोष्ट याच्याच शेजारची आहे. मालमत्ता कर थकला की महिन्याला २ टक्के दंड चढतो. तो दंड माफ करणारी योजना महापालिका गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आणत आली. मार्च २०२४ मध्ये दंडावर ७५ टक्क्यांपर्यंत सूट होती. दरवेळी ती शेवटची संधी म्हणून जाहीर होते. राज्याची जुन्या दस्तांसाठीची मुद्रांक शुल्क अभय योजना डिसेंबर २०२३ मध्ये आली आणि तिलाही मुदतवाढी मिळत गेल्या. वसुलीच्या दृष्टीने त्या महिन्यात पैसे येतात, हे खरे. पण वेळेवर बिल भरणारी सोसायटी हे सगळे पाहत असते. आपण एप्रिलमध्ये भरले, शेजारच्या गाळ्याने तीन वर्षे थकवले आणि मार्चच्या सवलतीत निपटवले, हे कमिटीच्या बैठकीत बोलले जाते. पुढच्या वर्षी खजिनदार चेक लिहिताना थांबतो. शेवटच्या तारखेवरचा विश्वास एकदा उडाला, की पुढच्या खऱ्या संकटात दिलेल्या मुदतीच्या सवलतीला कोणी धावून येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये लोक धावले, कारण तारीख खरी असेल असे त्यांना वाटले होते. आणि ती खरी निघाली.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त पटतो. सरकार आपल्या सवलती वेळेवर संपवते, पण आपले तात्पुरते कर मात्र संपवत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये अधिभार लागला. तो त्या आर्थिक वर्षापुरता असेल असे चित्र होते. पुढचा पावसाळा चांगला झाला, अधिभार राहिला. रोजगार हमी योजनेसाठी १९७५ मध्ये आलेला व्यवसाय कर आजही पगाराच्या पावतीवर दर महिन्याला दिसतो. पण त्या व्यवसाय करामागे निदान एक योजना उभी होती, तिने लाखो हातांना काम दिले. घराच्या दस्तावरच्या एका टक्क्याला आज तेवढाही आधार राहिलेला नाही. महापालिका हद्दीत लागणारा हा अधिभार एलबीटीचा भाग म्हणून आला. एलबीटी ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी संपला, जुलै २०१७ मध्ये पूर्ण गेला. दुकानदार सुटला, कारखानदार सुटला. घर घेणारा तेवढा अजून भरतो आहे. सवलतीला शेवटची तारीख लागू करणाऱ्याने अधिभारालाही तीच लावायला हवी. नागरिकांचा राग इथे योग्य जागी आहे. मात्र या रागाचे उत्तर प्रत्येक सवलत कायम करणे हे नसून, संपलेल्या कारणाचा कर काढणे हे आहे.

आणि ७ टक्के हा दर जास्त आहेच, याबद्दल वाद नको. व्यवहारावरचा कर हा करांमध्ये वाईट मानला जातो, कारण तो हालचालीला दंड करतो. नेरुळला राहणाऱ्याला महापेला नोकरी लागली, मुलाची शाळा बदलली, आई-वडील म्हातारे झाले आणि त्यांच्या जवळ घर घ्यायचे ठरले, तर दर वेळी घराच्या किमतीचा चौदावा हिस्सा सरकारजमा करावा लागतो. माणसे गैरसोयीच्या घरात अडकून राहतात, खरी किंमत दस्तात लिहीत नाहीत, जुने करार नोंदवायचे टाळतात; अभय योजनांची गरज त्यातूनच निर्माण होते. म्हणून दर कायमचा खाली आणण्याची मागणी रास्त आहे. ती बिल्डरांच्या मंदीत मुदतवाढ म्हणून पदरात पाडून घेण्याऐवजी, अर्थसंकल्पात, वर्षाला किती महसूल सोडला आणि तो कुठून भरून काढला हे एका ओळीत लिहून झाली पाहिजे. अशा विचारपूर्वक दिलेल्या सवलतींची उदाहरणे राज्यात आहेत. महिला खरेदीदाराची १ टक्का सूट २०२१ पासून चालू आहे. पुढची पंधरा वर्षे ते घर पुरुषाला विकायचे नाही ही जाचक अट २०२३ मध्ये काढली गेली. पंतप्रधान आवास योजनेतल्या अल्प उत्पन्न गटाच्या घराला पहिल्या दस्तावर फक्त १ हजार रुपये मुद्रांक शुल्क लागते, आणि सिडकोच्या सोडतीत घर लागलेल्या कुटुंबाला त्या रकमेचा अर्थ नेमका कळतो. या सवलती कोणासाठी आहेत ते स्पष्ट आहे, म्हणून त्यांची किंमतही मोजता येते.

नवी मुंबईपुरती सुरुवात त्या एलबीटीच्या एका टक्क्यापासून करता येईल. घणसोलीच्या ८० लाखांच्या फ्लॅटवर तो ८० हजार रुपये होतो. ते पैसे महापालिकेकडे जातात, म्हणजे अधिभार रद्द केला तर महापालिकेच्या अर्थसंकल्पात तेवढे भगदाड पडणार. ते बुजवायचे तर ज्याला वीस वर्षांत कोणी हात लावला नाही त्या मालमत्ता कराकडेच वळावे लागेल, लहान घरांना वगळून, मोठ्या क्षेत्रफळापासून आणि व्यापारी गाळ्यांपासून. घर बदलणाऱ्या एका माणसाचे ८० हजार वाचवायचे, तर घर धरून बसलेल्या अनेकांना वर्षाला काही शे किंवा हजार रुपये जास्त भरावे लागतील. जानेवारी २०२६ मध्ये, पाच वर्षांहून अधिक काळच्या प्रशासकीय राजवटीनंतर, या शहराने पुन्हा नगरसेवक निवडले आहेत. महापालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकात हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत, अशी मागणी प्रत्येक प्रभागातून करता येईल.